वसतिगृहातील दिवंगत सोबत्यांचे चरित्रस्मरण : काय करावे, कसे करावे

सातारच्या सैनिक शाळेत, बेळगावच्या मिलिटरी स्कूलमध्ये, नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत अथवा रयत शिक्षण संस्थेच्या एखाद्या वसतिगृहात ज्यांचे बालपण गेले आणि पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने ज्यांनी बंगळूरच्या उत्तर भागात, विशेषतः हेब्बाळच्या आसपास, कायमचे बिऱ्हाड केले, असे अनेक मराठी वाचक गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारू लागले आहेत. आमच्या बॅचचे इतके जण गेले. त्यांच्यासाठी काही करावे असे सर्वांच्या मनात आहे. परंतु आरंभ कोठून करावा, कोणाची परवानगी घ्यावी, काय लिहावे, काय गाळावे आणि जमलेला पैसा कोणाच्या हाती द्यावा, हे कोणालाच नीट ठाऊक नाही. या प्रश्नांची क्रमवार उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे.

हे काम आपलेच का?

घरी राहून शिकणाऱ्या मुलाचे बालपण आईवडिलांच्या डोळ्यांदेखत जाते. वसतिगृहात राहणाऱ्याचे तसे नसते. दहाव्या-अकराव्या वर्षी लोखंडी ट्रंक घेऊन दाखल झालेला मुलगा सहासात वर्षांनी बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या घडणीचा सर्वांत महत्त्वाचा काळ घरच्यांना केवळ सुट्ट्यांतून आणि पोस्टकार्डांतून कळलेला असतो. तो रात्री कोणाशी बोलत असे, कशाला भीत असे, मेसमधील कोणता पदार्थ दुसऱ्याच्या ताटात सरकवीत असे, हे पत्नीला आणि मुलांना सांगू शकणारी माणसे म्हणजे शेजारच्या खाटेवरचे सोबतीच होत. आणि त्या सोबत्यांचेही वय वाढत चालले आहे.

लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांचे नाव आपणांस परिचित असेल. पूना हॉर्स या पलटणीचे नेतृत्व करताना ते १६ सप्टेंबर १९६५ रोजी रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सातव्या वर्षापासून मॅट्रिकपर्यंत, म्हणजे १९४० पर्यंत, ते पुण्याच्या सरदार दस्तूर बोर्डिंग शाळेत होते. सातारच्या सैनिक शाळेचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना कामी आले आणि मरणोत्तर शौर्यचक्राचे मानकरी ठरले. अशा वीरांच्या अखेरच्या दिवसांचा तपशील सरकारी दफ्तरात राहतो. मात्र शाळकरी वर्षांचा तपशील तेथे सापडत नाही. आणि जो सोबती तालुक्याच्या गावी शिक्षक, शेतकरी किंवा बँकेतील कारकून म्हणून निवर्तला, त्याची तर कोठेच दखल घेतलेली नसते. म्हणून पहिला नियम असा ठरवावा : नोंद सर्वांची, हुद्दा कोणताही असो. शाळा मध्येच सोडून गेलेले, परीक्षेत नापास झालेले आणि विद्यार्थिदशेतच मृत्यू पावलेले हे सर्व त्या नामावलीत आलेच पाहिजेत.

पहिली पायरी : नामावली

स्मारकाची किंवा ग्रंथाची भाषा करण्यापूर्वी बॅचची संपूर्ण यादी करावी. तिच्यासाठी पुढील साधने उपयोगी पडतात :

- शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात दाखल होण्याची व शाळा सोडण्याची तारीख, जन्मतारीख आणि मूळ गाव मिळते.
- वसतिगृहाचे हजेरीपट, मेसची खातेवही, नादारीचे अर्ज, क्रीडास्पर्धांच्या याद्या.
- शाळेचे वार्षिक अंक आणि वर्गाची सामूहिक छायाचित्रे.
- जुने शिक्षक, वॉर्डन, आचारी, शिपाई. मुलांची पाळण्यातली नावे नव्हे, तरी बोर्डिंगातली हाकेची नावे यांनाच आठवतात.

सैनिकी शाळांतील मुलांना रोल नंबर जन्मभर पाठ असतो. तो यादीत अवश्य घ्यावा, कारण एकाच नावाच्या दोन विद्यार्थ्यांची गल्लत टाळण्याचा तो खात्रीचा उपाय आहे. मुलींच्या वसतिगृहाची यादी करताना माहेरचे व सासरचे अशी दोन्ही आडनावे नोंदवावीत. दत्तक गेल्यामुळे किंवा राजपत्रात जाहीर करून ज्यांनी नाव बदलले, त्यांचीही दोन्ही नावे द्यावीत.

शाळेकडे माहिती मागताना एक अडचण संभवते. सरकारी किंवा अनुदानित शाळेस माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा लागू असला, तरी वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तेव्हा वाद घालण्यापेक्षा वारसांचे संमतिपत्र जोडून मुख्याध्यापकांकडे किंवा प्राचार्यांकडे साधा लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.

दुसरी पायरी : मृत्यूची खातरजमा

गटावर आलेल्या एका संदेशावरून कोणाचेही नाव दिवंगतांच्या यादीत घालू नये. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली, तर त्या घराला होणारा क्लेश कोणत्याही दिलगिरीने भरून येत नाही. खातरजमेचे मार्ग असे :

1. कुटुंबीयांकडून प्रत्यक्ष दुजोरा. हा सर्वांत चांगला मार्ग.
2. मृत्युनोंद. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील कलम १७ नुसार कोणाही व्यक्तीस ठरलेली फी भरून निबंधकाकडे नोंदीचा शोध घेता येतो. प्रत्यक्षात कचेरीत नाते विचारले जाते, म्हणून हे काम वारसांमार्फत केल्यास सुलभ होते. कर्नाटकात या नोंदी ‘ई-जन्म’ या सरकारी प्रणालीत होतात. अशा उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, हे ध्यानात ठेवावे.
3. परदेशातील मृत्यू. भारतीय नागरिकाचा मृत्यू परदेशी झाला असल्यास तेथील भारतीय वकिलातीत त्याची नोंद झालेली असू शकते.
4. सैनिकांसाठी. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झाले, स्वातंत्र्योत्तर काळात कर्तव्यावर कामी आलेल्या सुमारे २६,००० जवानांची व अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन्ही महायुद्धांतील मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नामसूची सर्वांना खुली आहे. पुण्याजवळ खडकीला याच संस्थेची युद्धस्मशानभूमी आहे.
5. वृत्तपत्रांतील निधनवार्ता. स्थानिक आवृत्तीचे कात्रण तारखेसह जपावे, पण केवळ त्यावर विसंबू नये.

तिसरी पायरी : घरच्यांशी बोलणे

दुःख ताजे असताना प्रश्नावली पाठवू नये. वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, किंवा त्या घरच्या रीतीप्रमाणे योग्य काळ लोटल्यावर, बॅचमधील एकाच व्यक्तीने संपर्क साधावा. पाच जणांनी निरनिराळे फोन केल्यास घरची माणसे भांबावून जातात. पहिल्या भेटीत काही मागू नये, आपण काही द्यावे : शाळेच्या दिवसांतील एखादे छायाचित्र, एखादी आठवण, त्यांच्या माणसाने लिहिलेली एखादी चिठ्ठी. मग लेखी संमती घ्यावी आणि तीत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात :

- कोणती माहिती छापली जाईल आणि कोणती केवळ शाळेच्या दफ्तरात राहील;
- छापण्यापूर्वी मजकूर घरच्यांना दाखविला जाईल;
- पुढे केव्हाही एखादा मजकूर काढून टाकण्याची मागणी ते करू शकतील;
- पत्ता, फोन क्रमांक व मुलांची माहिती प्रसिद्ध होणार नाही.

घरात मतभेद असल्यास, पत्नीचे एक आणि भावाचे दुसरे म्हणणे असल्यास, आपण न्यायनिवाडा करावयास बसू नये. ज्या मजकुराला दोन्ही बाजूंची हरकत नाही तेवढाच घ्यावा. कुटुंबाने सर्वस्वी नकार दिला, तर नाव, बॅच आणि जन्ममृत्यूची वर्षे इतकीच नोंद ठेवून थांबावे; नकार देण्याचा त्यांचा अधिकार निरपवाद मानावा.

चौथी पायरी : टिपण कसे लिहावे

प्रत्येक सोबत्याविषयी तीनशे ते पाचशे शब्द पुरेसे होतात. हेब्बाळमध्ये २०१८ साली नाल्याच्या कामात एक वीरगळ उजेडात आला. गंगराजा श्रीपुरुषाच्या कारकिर्दीतील, म्हणजे सुमारे इ. स. ७५० मधील, त्या शिलालेखात राज्य कोणाचे होते, स्वारी कोणाची झाली, आणि ती परतविताना पडलेला किट्टय्या कोठला, एवढे मोजक्या ओळींत सांगितले आहे. आणि तेवढ्यावरून तो मनुष्य बाराशे वर्षांहून अधिक काळाने पुन्हा ओळखता आला. नाव, स्थळ, काळ आणि कृती या चार गोष्टी ज्या टिपणात असतील ते टिकेल. विशेषणांनी भरलेले टिपण मात्र कोणालाही लागू पडते, म्हणून कोणाचेच राहत नाही.

उदाहरणार्थ, ‘अत्यंत मनमिळाऊ, हुशार व सर्वांचे लाडके’ असे लिहिण्याऐवजी असे लिहावे : ‘आठवीत असताना दर रविवारी पाचवीच्या मुलांना जवळ बसवून घरी पाठवायची पोस्टकार्डे लिहून देत; ज्याला रडू येई त्याचे पत्र शेवटी घेत, म्हणजे बाकीची मुले निघून गेलेली असत.’ या दोन वाक्यांत त्या मुलाचा स्वभाव, वसतिगृहाची रीत आणि तो काळ हे तिन्ही आले. टिपणासाठी हा क्रम सोयीचा ठरतो :

1. पूर्ण नाव, रोल नंबर, बॅच, जन्मतारीख, मूळ गाव.
2. शाळेत कसे आले : कोणी आणून सोडले, फी कशी भरली, शिष्यवृत्ती होती काय.
3. वसतिगृहातील दिवस : दोनतीन प्रत्यक्ष प्रसंग, सांगणाऱ्याच्या नावासह.
4. पुढील आयुष्य : शिक्षण, व्यवसाय, संसार, छंद, सामाजिक कार्य.
5. मृत्यूची तारीख व ठिकाण. कारण घरच्यांनी आपणहून सांगितले तरच.

दुसऱ्या कलमाकडे विशेष लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातिजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची जी परंपरा उभी केली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली आणणारे जे वसतिगृह काढले, ज्याला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले, त्या वसतिगृहांत येणारे पुष्कळ विद्यार्थी घराण्यातील पहिलेच शिकणारे होते. मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडणाऱ्या लक्ष्मीबाई पाटलांची हकीकत आपल्याला ठाऊक आहे; परंतु त्या अन्नावर वाढलेल्या एकेका मुलाची हकीकत कोणी लिहून ठेवली? ती लिहिली गेली, म्हणजे त्या दातृत्वाचे फळ कोणत्या गावी, कोणत्या घरी पोहोचले हे पुढच्या पिढीस कळेल.

आठवणी जमविताना दोन पथ्ये पाळावीत. एक, ‘तो कसा होता?’ असे मोघम न विचारता ‘संध्याकाळच्या हजेरीनंतर तो काय करीत असे?’ असे नेमके विचारावे. दोन, महत्त्वाच्या प्रसंगास शक्यतो दोन साक्षी असाव्यात; दोघांच्या सांगण्यात फरक पडल्यास दोन्ही कथने नावांसह द्यावीत. दिवंगतांसाठी सरसकट ‘कै.’ लिहिण्याचा प्रघातही सोडावा. हिंदूंखेरीज अन्य धर्मांच्या सोबत्यांच्या घरी तो रुचेलच असे नाही. ‘दिवंगत’ हा शब्द सर्वांना चालतो.

काय टाळावे

- मृत्यूच्या कारणाची चर्चा. आत्महत्या, व्यसन, मानसिक आजार यांविषयी तर्क लिहू नये. जीवन लिहिण्यास मृत्यूचे कारण अपरिहार्य नसते.
- मृताची निंदा. मृतास काही बोलले तर बिघडत नाही, हा समज चुकीचा आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३५६ मधील स्पष्टीकरणाप्रमाणे, मृत व्यक्तीवर केलेला आरोप ती जिवंत असती तर तिच्या लौकिकास बाधक ठरला असता आणि नातलगांच्या भावना दुखविण्याचा त्यामागे हेतू असेल, तर तीही अब्रुनुकसानी होऊ शकते.
- छळाच्या कथा गंमत म्हणून सांगणे. थोरल्या मुलांनी धाकट्यांना दिलेला त्रास काहींना आज विनोदी वाटतो. ज्याने तो सोसला त्याच्या घरच्यांना तसा वाटणार नाही. सांगायचाच असेल तर गांभीर्याने सांगावा.
- हुद्द्यांची उतरंड. टिपणे पदाच्या क्रमाने न लावता रोल नंबरच्या किंवा वर्णानुक्रमाने लावावीत.

पत्रे व छायाचित्रे : हक्क कोणाचा?

येथे सर्वाधिक गोंधळ दिसतो. सोबत्याने आपणांस लिहिलेले पत्र हा कागद आपल्या मालकीचा. त्यातील मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. म्हणून पत्र छापण्यापूर्वी वारसांची परवानगी आवश्यक आहे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, उलट करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे शाळेने छायाचित्रकार बोलावून काढविलेल्या वर्गाच्या छायाचित्रासाठी शाळेस विचारावे. सोबत्याने हौसेने काढलेल्या छायाचित्राचा हक्क त्या सोबत्याचा.

छायाचित्राच्या मागे नावे लिहिताना बॉलपेन वापरू नये, मऊ पेन्सिल वापरावी. ओळीतील सर्वांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. ज्याचे नाव आठवत नाही तेथे जागा सोडावी, अंदाजाने भरू नये. प्रतिमा ६०० डीपीआयवर स्कॅन करावी आणि मूळ प्रत कुटुंबास परत करावी.

स्मरणाचे पर्याय

- स्मृतिनोंदवही. सर्वांत अल्पखर्चाची व सर्वांत टिकाऊ. दर वर्षी भर घालता येते. आरंभ येथूनच करावा.
- स्मृतिग्रंथ. किमान पंचवीसतीस टिपणे तयार झाल्याखेरीज छापखान्याची बोलणी करू नयेत.
- नामफलक. शाळेच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी, जागा, मजकूर आणि देखभालीची जबाबदारी आधी ठरवावी. पुढील नावांसाठी जागा राखावी. फलकावर केवळ नाव राहते, हे विसरू नये. हेब्बाळच्या उत्तरेस येलहंक्याकडे मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या नावाचा रस्ता आहे. मुंबईवरील हल्ल्यात नोव्हेंबर २००८ मध्ये प्राणार्पण केलेला हा अधिकारी बंगळूरच्या आपल्या शाळेत गायकवृंदात गात असे, ही गोष्ट रस्त्यावरची पाटी सांगू शकत नाही. फलकासोबत नोंदवही असावीच.
- पारितोषिक किंवा शिष्यवृत्ती. पात्रतेची अट दिवंगताच्या जीवनाशी सुसंगत ठेवावी. लहान मुलांची पत्रे लिहून देणाऱ्याच्या नावाने पहिल्या क्रमांकाचे बक्षीस ठेवण्यापेक्षा धाकट्यांना साह्य करणाऱ्या विद्यार्थ्यास ते द्यावे.

पैशाचा व्यवहार

1. वर्गणी कोणाच्याही खासगी खात्यात जमा करू नये. शाळा, नोंदणीकृत संस्था किंवा न्यास यांच्याच खात्यात द्यावी व पावती घ्यावी.
2. पारितोषिकाची रक्कम ‘कायम निधी’ म्हणून द्यावी, तसे लेखी नमूद करावे, आणि केवळ व्याज खर्चावे. समजा, तीन लाख रुपयांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १९,५०० रुपये व्याज आले, तर त्यातील चतुर्थांश, म्हणजे ४,८७५ रुपये, मुद्दलात घालून १४,६२५ रुपयेच वाटावेत. अन्यथा महागाईने पारितोषिकाचे मोल वर्षानुवर्षे घटत जाईल.
3. आयकरातील सवलत हवी असल्यास संस्थेस तशी मान्यता आहे काय हे पाहावे. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस सवलत मिळत नाही.
4. परदेशस्थ सोबत्यांबाबत विशेष सावध असावे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. ज्याने परकीय नागरिकत्व घेतले, मग त्याच्याजवळ ओसीआय कार्ड का असेना, त्याची देणगी परकीय अंशदान ठरते, आणि ती २०१० च्या कायद्याखाली परवानगी असलेल्या संस्थेसच स्वीकारता येते. चुकून घेतलेली अशी रक्कम संस्थेस अडचणीत आणते.
5. दर वर्षी जमाखर्चाचा ताळेबंद सर्व वर्गणीदारांस पाठवावा.

जतन

फोनवरील गटात आलेल्या आठवणी फोन बदलला की नाहीशा होतात. म्हणून दर महिन्यास त्या उतरवून घेण्याचे काम एकाने पत्करावे. पूर्ण झालेल्या टिपणाच्या तीन छापील प्रती चांगल्या कागदावर काढून एक शाळेच्या ग्रंथालयात, एक कुटुंबात आणि एक माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेत ठेवावी. ध्वनिमुद्रणाच्या प्रतीस सांगणाऱ्याचे नाव, तारीख व स्थळ अवश्य जोडावे. शाळेचे प्राचार्य बदलत असतात. यासाठी नोंदवही शाळेच्या जडवस्तुसंग्रहात रीतसर रुजू करून घ्यावी, म्हणजे ती पुढील अधिकाऱ्याच्या ताब्यात कायदेशीरपणे जाईल.

आरंभ कसा करावा

बॅचमधील तिघांनी एकत्र यावे : एकाने यादी, दुसऱ्याने कुटुंबांशी संपर्क आणि तिसऱ्याने लेखन व हिशेब सांभाळावा. सर्वांत वयोवृद्ध शिक्षक व वसतिगृहाचे जुने सेवक यांची मुलाखत सर्वप्रथम घ्यावी. ग्रंथ पुढच्या वर्षी छापता येईल, ती मुलाखत पुढच्या वर्षी मिळेल याची शाश्वती नाही. फलक, ग्रंथ आणि निधी या गोष्टी पैशाने केव्हाही उभ्या राहतात. परंतु शेजारच्या खाटेवरील मुलाविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. म्हणून वाचकहो, समिती स्थापन होण्याची वाट न पाहता, आपल्या एका दिवंगत सोबत्याविषयी एक पान या आठवड्यात लिहावे, त्यावर तारीख घालून सही करावी आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी, ही कळकळीची विनंती आहे.